भिंतीवरचे फुनाकोशी आणि मुलीचा बचाव

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी बारावीनंतर दुसऱ्या शहरात शिकायला जाणार आहे. तिला स्वतःचा बचाव करता यावा म्हणून वडील कराटेचा क्लास बघून आले. तिथे भिंतीवर एका वृद्ध जपानी गृहस्थांचा फोटो होता. मुलांनी त्याला वाकून नमस्कार केला आणि मग तासभर हवेत हात-पाय चालवले. हे गृहस्थ कोण? त्यांनी स्वतः कधी कुणाशी दोन हात केले होते का? हवेतल्या या हालचालींनी खरंच बचाव होतो का? आणि वडिलांचं वय ४६, त्यांना आता सुरुवात करता येईल का?

शोतोकान शैलीच्या क्लासमध्ये जो फोटो असतो तो बहुतेक गिचिन फुनाकोशी यांचा. मी याच शैलीत वाढलो आणि अनेक वर्षं हीच शिकवतो आहे, म्हणून उत्तर लांबणार आहे. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातून निघतात.

सांगण्यासारख्या मारामाऱ्या फुनाकोशींच्या आयुष्यात जवळजवळ नाहीतच. १९२५ साली 'किंगु' नावाच्या खपाच्या जपानी मासिकात एक लेख आला होता. क्योतोमध्ये एका परदेशी मुष्टियोद्ध्याला ओकिनावाच्या, म्हणजे जपानच्या दक्षिणेकडच्या बेटावरच्या, एका पन्नाशीतल्या माणसाने लोळवलं, त्याची ती हकीकत. सोबतच्या चित्रांतला चेहरा फुनाकोशींचा होता. प्रत्यक्षात तो सामना जिंकला होता चोकी मोतोबु यांनी, आणि मोतोबु हे फुनाकोशींच्या पद्धतीचे कडवे टीकाकार. चित्र चुकीचं छापलं गेल्याने ते संतापले, आणि तो संताप रास्त होता. म्हणजे फुनाकोशींच्या चेहऱ्याने गाजलेली लढतसुद्धा दुसऱ्याची होती. तरीही कराटे जगभर गेलं त्यात सर्वांत मोठा वाटा याच माणसाचा आहे, आणि मुलीच्या बचावाबद्दल मला मोतोबुंपेक्षा फुनाकोशींकडून जास्त शिकायला मिळालं.

त्यांचा जन्म १८६८ सालचा, ओकिनावातल्या शुरी गावचा. मेइजी राजवट सुरू झाली तेच हे वर्ष. दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेलं, किरकोळ प्रकृतीचं मूल. हे पोर फार जगणार नाही असं घरच्यांना वाटायचं, आणि आजोळच्या माणसांनी त्याला सांभाळलं. टोकियोच्या वैद्यकीय शाळेत जायची इच्छा होती. परीक्षेला बसता यावं म्हणून कागदोपत्री जन्मसाल १८७० करून घेतलं. परीक्षा पासही झाले, पण प्रवेश घ्यायचा तर डोक्यावरचा परंपरागत बुचडा कापावा लागणार होता. जुन्या वळणाच्या घराण्याला ते मान्य नव्हतं, आणि डॉक्टरकी तिथेच संपली. पुढे विशीच्या आसपास शाळेत सहायक शिक्षकाची नोकरी धरली तेव्हा बुचडा कापावाच लागला. घरी केवढा गहजब झाला ते त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. पुढची तीस वर्षं हा माणूस प्राथमिक शाळेत मास्तर होता. ही गोष्ट लक्षात ठेवा. कराटेला त्यांनी जे वळण दिलं ते मास्तराने दिलेलं वळण आहे.

कराटे त्यांना मिळालं ते वर्गमित्राच्या वडिलांकडून, अंको अझातो यांच्याकडून. तेव्हा ही विद्या उघड्यावर शिकवली जात नसे. रात्री कंदील घेऊन चालत अझातोंच्या घरी जायचं, अंगणात सराव करायचा आणि पहाटे परतायचं. हा तरुण रोज पहाटे कुठून येतो, यावर शेजारीपाजारी भलतेच तर्क करत. अझातो ओट्यावर ताठ बसून बघत राहायचे आणि बहुतेक वेळा एवढंच म्हणायचे, 'पुन्हा एकदा.' क्वचित कधी 'ठीक'. एक काता, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींची मालिका, पुरता बसल्याशिवाय पुढचा मिळायचा नाही. तेक्कीच्या तीन कात्यांवर फुनाकोशींची जवळपास दहा वर्षं गेली. अझातोंचे मित्र अंको इतोसु हे त्यांचे दुसरे गुरू. २०व्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावाच्या शाळांमध्ये कराटे नेलं ते इतोसुंनी, आणि तुमच्या क्लासमध्ये नवी मुलं ज्या पाच हेइआन कात्यांपासून सुरुवात करतात तेही त्यांनीच शाळकरी मुलांसाठी बांधले. म्हणून फुनाकोशींना 'कराटेचे जनक' म्हणतात ते मला पटत नाही. विद्या आधीपासून होती, गुरू होते, समकालीन दिग्गजही होते. फुनाकोशींनी ती विद्या घराबाहेर काढली, शिकवण्याजोगी केली आणि तिला आचारसंहिता दिली.

याच गुरूंच्या काळातला एक प्रसंग मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगतो. तरुण फुनाकोशी एका संध्याकाळी पाइन वृक्षांच्या राईतून चालले होते. हातात पूर्वजांच्या देव्हाऱ्यात ठेवायच्या मिठाईचा पुडा होता. वाटेत दोन दांडगे आडवे आले. त्यांना भांडण उकरून काढायचं होतं. फुनाकोशींनी नम्रपणे बोलून वेळ मारून नेली, मिठाई त्यांच्या हातात दिली आणि निघून आले. नंतर गुरूंना हे सांगितलं तेव्हा इतोसुंनी शाबासकी दिली. अझातोंनी विचारलं, 'मग आता देव्हाऱ्यापुढे काय ठेवणार?' 'मनापासून प्रार्थना करीन,' असं उत्तर आलं, आणि अझातो प्रसन्न झाले. हेच खरं कराटे, असं ते म्हणाले. तोवर या मुलाने वर्षानुवर्षं रात्री जागून सराव केला होता. त्या दोघांना तो कदाचित आडवं करू शकला असता. पण मिठाईच्या पुड्यासाठी असं करणं हे त्याच्या गुरूंच्या मते विद्येचं अपयश ठरलं असतं.

दुसरा प्रसंग त्यांच्या म्हातारपणीचा, युद्धानंतरच्या टोकियोतला. वय ऐंशीच्या आसपास. रात्री घरी परतताना एक माणूस आडवा आला आणि छत्री हिसकावून तिनेच डोक्यावर वार करायला धावला. फुनाकोशी खाली वाकले आणि त्यांच्या हाताने आपसूक त्या माणसाच्या जांघेतली नाजूक जागा घट्ट पकडली. माणूस कळवळून जागीच खिळला. तेवढ्यात गस्तीवरचा पोलीस आला आणि त्या माणसाला पोलिसाच्या ताब्यात दिलं. ऐंशीच्या घरातल्या माणसाने भर रात्री केलेला हा बचाव आमच्यापैकी कुणीही छाती फुगवून सांगितला असता. फुनाकोशींनी लिहिलं आहे ते लाज वाटल्याचं. तो माणूस बहुधा युद्धावरून परतलेला, कामधंदा नसलेला असावा, आणि जे करू नका म्हणून तरुणांना आयुष्यभर सांगितलं तेच आपण करून बसलो, असं त्यांना वाटलं.

इथे मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही, हे स्पष्ट सांगतो. डोक्यावर छत्री उगारली गेल्यावर त्यांनी जे केलं ते योग्यच होतं, आणि तुमच्या मुलीवर कुणी हात टाकला तर तिने याहून कमी करू नये. पण त्या लाजेमागचा हिशेब समजून घ्या. प्रसंग हातघाईवर आला म्हणजे आधीच्या चार-पाच पायऱ्यांवर काहीतरी निसटलं, असा तो हिशेब आहे. रस्ता कोणता निवडला, वेळ कोणती, समोरच्याकडे लक्ष कधी गेलं, अंतर किती होतं. मुलींना शिकवताना मी पहिले कित्येक तास याच पायऱ्यांवर घालवतो. एखादा माणूस नको इतका जवळ येतो तेव्हा एक पाय मागे घेऊन, दोन्ही तळवे छातीसमोर उघडे धरून, पोटातून आवाज काढून 'लांब राहा' म्हणणं. ऐकायला सोपं वाटतं. करायला सांगा, दहातल्या आठ मुलींचा आवाज घशातच अडकतो, कारण लहानपणापासून त्यांना हळू बोलायला शिकवलेलं असतं. कराटेतला 'किआइ', म्हणजे प्रहारासोबतची ती आरोळी, या एका कारणासाठीसुद्धा मोलाची आहे. सहा महिने रोज पूर्ण ताकदीने ओरडणाऱ्या मुलीचा आवाज वेळेला अडकत नाही.

आता हवेतल्या हालचालींबद्दल. तुम्ही जे पाहिलं तो बहुधा हेइआन शोदान असणार, पहिला काता. त्याची सुरुवात डावीकडे वळून खालचा प्रहार अडवण्याने होते आणि मग एक पाऊल टाकून ठोसा. हल्ल्याने सुरुवात नाही, आधी बचाव. कराटेत पहिला वार आपला नसतो, हे फुनाकोशींच्या २० नियमांपैकी दुसऱ्या नियमाचं सांगणं अंगात मुरवायची ही रीत, असं आमच्याकडे मानतात. (पहिला नियम नमस्काराचा आहे. फोटोला वाकून नमस्कार करतात तो त्यातलाच.) मग मागे वळून पुन्हा अडवणं, आणि त्यानंतरची चौथी हालचाल नीट बघा. मूल पुढचा पाय मागे ओढतं, हात स्वतःकडे खेचून वर्तुळात फिरवतं आणि मूठ हातोड्यासारखी खाली आणतं. कुणी मनगट पकडलं तर सोडवायचं कसं, ते हे आहे. समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूची पकड सर्वांत कच्ची असते. त्या फटीतून मनगट बाहेर काढायचं, तेही नुसत्या हाताच्या जोराने नाही तर पाय मागे घेऊन सगळ्या शरीराच्या वजनाने, आणि सुटलेल्या त्याच हाताने त्याच्या हातावर किंवा गळ्याच्या हाडावर मूठ उतरवायची. सडपातळ मुलीचं मनगट धिप्पाड माणसाच्या पकडीतून असंच सुटतं.

अडचण एवढीच, की पुष्कळ क्लासमध्ये ही हालचाल मुलांकडून वर्षभर हवेत करून घेतात आणि एकदाही कुणाला मनगट पकडायला लावत नाहीत. मग ती कवायत राहते. हा दोष फुनाकोशींचा नाही. त्यांच्या १९३५ सालच्या ग्रंथात फेकीचे नऊ डाव आहेत आणि स्त्रियांच्या स्वसंरक्षणावर स्वतंत्र भाग आहे. आज अनेक शोतोकान क्लासमध्ये फेक शिकवतच नाहीत. बेल्टच्या परीक्षेत ती विचारत नाहीत, म्हणून ती गळून गेली.

ती का गळली, हे कळायला त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध बघावा लागतो. १९२१ साली युवराज हिरोहितो ओकिनावाला आले तेव्हा शुरीच्या किल्ल्यात त्यांच्यासमोर जे प्रात्यक्षिक झालं त्याची धुरा फुनाकोशींकडे होती. पुढच्या वर्षी शिक्षण मंत्रालयाच्या शारीरिक शिक्षण प्रदर्शनासाठी ते टोकियोला गेले. वय ५३. परतायचं ठरलं होतं, पण जुदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी त्यांना कोडोकान या आपल्या जुदोच्या संस्थेत प्रात्यक्षिकासाठी बोलावलं. तिथे त्यांच्यासोबत शिन्किन गिमा हा टोकियोत शिकणारा ओकिनावाचा विद्यार्थी होता. मग आणखी बोलावणी आली आणि फुनाकोशी राहिले ते राहिलेच. पोटापाण्याची सोय अशी की मेइसेइ जुकु या ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात पहारेकरी, माळी आणि झाडूवाला अशी सगळी कामं करायची, आणि विद्यार्थी वर्गाला गेले की मोकळ्या दालनात कराटे शिकवायचं. तरी भागत नव्हतं. मग वसतिगृहाच्या आचाऱ्याला कराटे शिकवून जेवणाच्या पैशांत सवलत मिळवली. तीस वर्षं मास्तरकी केलेला प्रतिष्ठित माणूस पन्नाशी उलटल्यावर अंगण झाडतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. भिंतीवरच्या त्या फोटोपुढे मी वाकतो ते मुख्यतः या वर्षांसाठी.

पत्नी ओकिनावातच राहिली. पूर्वजांची थडगी आणि त्यांची पूजा सोडून यायला ती तयार नव्हती. नवरा तिकडे विद्या वाढवत होता तेव्हा तिने विणकाम आणि भाजीपाला करून घर चालवलं. तिलाही काते येत असत, असं फुनाकोशींनीच लिहून ठेवलं आहे. युद्धाच्या शेवटी ओकिनावातून हलवलेली ती क्युशु बेटावर पोचली, तिथे दोघं पुन्हा एकत्र आली, आणि १९४७ मध्ये ती गेली. कराटेच्या इतिहासात तिच्या वाट्याला जेमतेम चार ओळी येतात. मला ते कायम खटकतं.

टोकियोत विद्यार्थी मिळाले ते मुख्यतः विद्यापीठांत. कानोंच्या जुदोसारखा पांढरा गणवेश आला, १९२४ मध्ये पहिले काळे पट्टे दिले गेले, केइओ विद्यापीठात पहिला क्लब निघाला. नाव लिहिताना 'चिनी' अर्थाच्या अक्षराजागी 'रिकामा' अर्थाचं अक्षर आलं, आणि त्यावरून ओकिनावात नाराजीही झाली. पण तरुण पोरांना नुसत्या कात्यांत रस वाटेना, त्यांना लढायचं होतं. हिरोनोरी ओत्सुका हे शिष्य जुजुत्सु ही जुनी जपानी झटापटीची विद्या शिकून आलेले होते. त्यांनी जोडीने करायच्या ठरवून दिलेल्या लढती वाढवल्या आणि पुढे वेगळे होऊन वादो-र्यु शैली काढली. टोकियो इम्पीरियल विद्यापीठात विद्यार्थी चिलखतासारखी साधनं घालून मुक्त लढती करू लागले तेव्हा फुनाकोशींनी तिथून अंग काढून घेतलं. कराटेच्या स्पर्धा होऊ नयेत हेच त्यांचं मत शेवटपर्यंत राहिलं. २६ एप्रिल १९५७ रोजी, ८८व्या वर्षी ते गेले. जपान कराटे असोसिएशनची पहिली अखिल जपान स्पर्धा झाली त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये.

स्पर्धा आल्या आणि सरावाचा रोख बदलला. गुण मिळतात ते लांबून, वेगाने मारलेल्या आणि अंगाला लागण्याआधी थांबवलेल्या प्रहाराला. पकड, फेक, जवळून मारलेला कोपर यांना तिथे फारशी जागा नाही. खेळ म्हणून मला स्पर्धा आवडतात, माझी मुलं-मुली खेळतात, जिंकल्या की आनंद होतो. पण बसस्टॉपवर मागून खांद्याला धरणारा माणूस सहा फुटांवर उभा राहून पंचांच्या इशाऱ्याची वाट बघत नाही. तेव्हा क्लास निवडताना सरांना सरळ विचारा की मनगट, केस, गळा, मागून मारलेली मिठी यांतून सुटण्याचा सराव प्रत्यक्ष जोडीदारासोबत होतो का, आणि आठवड्यातून किती वेळा. मुलीला अंगाने मोठ्या जोडीदारासोबत, थोडा खरा जोर लावून सराव मिळतो का तेही बघा. तीन महिन्यांत बेल्ट आणि वर्षात ब्लॅक बेल्ट असं सांगणाऱ्या ठिकाणाहून उठून या. एका मोठ्या, नावाजलेल्या ठिकाणी मी स्वतः शिकवत असताना परीक्षेच्या फीसाठी कच्च्या मुलांना पुढे ढकलायला सांगितलं गेलं, म्हणून मी ते सोडलं. त्या मुलांचा खोटा आत्मविश्वास मला धोक्याचा वाटला होता.

मुलीला कायदाही माहीत असू द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या शरीराच्या बचावाचा हक्क दिलेला आहे, आणि बचावापुरतं जेवढं आवश्यक तेवढंच इजा करणं ही त्याची मर्यादा आहे. म्हणजे तो सुटून पळू लागला की आपणही उलट दिशेने पळायचं, उजेडात, माणसांत, आणि ११२ लावायचा. त्याच्यामागे धावून आणखी दोन ठोसे मारायचे नाहीत. मिठाईच्या पुड्याचा नियमही तिला सांगा. मोबाइल किंवा पर्स मागितली तर देऊन टाकायची. गाडीत बस म्हणाला, कुठे चल म्हणाला, तर मात्र जिवाच्या आकांताने लढायचं, चावायचं, ओरडायचं.

राहिला तुमच्या वयाचा प्रश्न. ४६ हे वय अजिबात अडचणीचं नाही, अडचण झालीच तर गुडघ्यांची होईल. आजच्या शोतोकानमध्ये पाय लांब फाकून खूप खाली बसलेल्या पवित्र्यांचा आग्रह धरतात. हे खोल पवित्रे आणि उंच लाथा प्रामुख्याने फुनाकोशींचे तिसरे चिरंजीव गिगो यांच्या काळात आल्या. गिगो ताकदीचे होते, क्षयाने १९४५ मध्ये अकाली गेले. त्याच वर्षी शोतोकानचा मूळ डोजो, म्हणजे सरावाची वास्तूही, बॉम्बहल्ल्यांत नष्ट झाला होता. वडील फुनाकोशींचे १९२० च्या दशकातले फोटो पाहिले तर ते बरेच उंच, नैसर्गिक उभे दिसतात. त्यामुळे सरांना सांगा की मी उंच पवित्र्यात करीन, आणि त्यांनी हरकत घेतली तर ते फोटो दाखवा. पहिले सहा महिने लाथ कमरेच्या वर नेऊ नका, हेइआन शोदान आठवड्यातून तीनदा करा, आणि मनगट सोडवण्याचा सराव घरी मुलीसोबत करा. पकडायचं काम तुमचं. पकडाल तेव्हा खरं घट्ट पकडा.